दिगंबरोव्ना

पेर्ममध्ये येऊन आज पाचवा दिवस.
सप्टेंबरातच बोटं वाकेनाशी झालीत
आणि हॉस्टेलचे रेडिएटर थंडगार.
अख्ख्या शहराचे एकदमच तापवतात म्हणे,
तारीख वरून ठरते.
तोवर मी दोन स्वेटर घालून झोपते,
आणि पलीकडच्या खाटेवर उफाची गुलशात
बिनबाह्यांच्या गंजीत, खिडकी उघडी टाकून.

पहिला शब्द शिकले तो नेल्ज्या.
रात्री अकरानंतर शेगडी पेटवायची – नेल्ज्या.
बूट घालून आत – नेल्ज्या.
खिडकीबाहेर दुधाची पिशवी टांगायची – नेल्ज्या,
पण ती सगळेच टांगतात.

गावाला लागून नदी आहे, तिचं नाव कामा.
पुलावर उभी राहून मी मोठ्यांदा म्हणून पाहिलं.
आमच्याकडे हा शब्द एकटा कधी फिरकत नाही,
'नये'चं बोट धरूनच येतो:
उशिरा येता कामा नये, उलट बोलता कामा नये,
विषय काढता कामा नये.
इथे तो एकटाच वाहतो,
करडा, रुंद,
कुणाला कशाचीही मनाई न करता.

कँटीनमध्ये सूप. वर शेपू.
बटाटे. वर शेपू.
काकडीवर, माशावर, पांढऱ्या दाट सायीवर,
मला वाटतं विचारलं असतं तर चहावरही.
आमच्या घरी शेपू शिजायची नाही.
बाबांना वास चालायचा नाही, ताट सरकवायचे.
ते गेल्यावर – म्हणजे वारले नाहीत, गेले,
मी सातवीत होते –
आईनं पहिल्याच सोमवारी दोन जुड्या आणल्या
आणि न बोलता निवडत बसली.
मला ती भाजी तेव्हाही आवडली नाही.
मी संपवली.

परवा डीनच्या ऑफिसात फॉर्म होता.
आडनाव. नाव. तिसरी ओळ: ओतचेस्त्वो.
मी तिथे एक आडवी रेघ ओढली.
शाळेपासूनची सवय, जमेल तिथे रेघ.
खिडकीमागच्या बाईंनी पासपोर्ट उलटवला,
चष्मा नाकावर खाली ओढला
आणि माझ्या नावाला चिकटून बसलेलं ते दुसरं नाव
पेन्सिलच्या टोकानं दाखवलं.
पुढे बरंच काही बोलल्या. मला एवढंच कळलं
की बाप सगळ्यांनाच असतो.
मग माझी रेघ खोडून
गोल, लपेटदार अक्षरात त्यांनीच लिहिलं:
केलुस्कार शाल्मली दिगंबरोव्ना.

ळ गेला वाटेत कुठेतरी.
त्याच्या बदल्यात त्यांचा तो ई, जो ई नाही,
पोटात कुणी हलकेच गुद्दा मारल्यावर निघतो तसा,
तो मला भाषेच्या तासाला देतायत.
रोज थोडा थोडा येतो.

आता दारावरच्या क्लावदिया एफिमोव्ना
मला त्याच नावानं हाक मारतात.
किल्ल्यांच्या पाटीमागे लोकरीचा मोजा विणत असतात,
मान वर न करता पावलांवरून ओळखतात:
दिगंबरोव्ना, टोपी!
दिगंबरोव्ना, तुझं पार्सल नाही आलं.
आदरानं म्हणतात, गुलशात सांगते,
बापाचं नाव लावणं म्हणजे मान देणं.
मी गुलशातला त्या नावाचा अर्थ सांगितला:
दिशा हेच ज्याचं वस्त्र.
म्हणजे कपडे नाहीत?
नाहीत.
इथे? या गावात?
ती खाटेवर आडवी होऊन हसली,
मीही हसले, दोन स्वेटरांच्या आतून,
आणि मग एकदम वाटलं,
कुठे असतील, अंगावर धड काही असेल का.

हा विचार मी सात वर्षांत केला नव्हता.

रात्री आईचा फोन.
जेवलीस का, पांघरूण पुरतं का,
लोक कसे आहेत, तुझं नाव तरी म्हणता येतं का त्यांना?
म्हटलं, येतं की. शाल्मली म्हणतात.
पलीकडे थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.
मग मी तिला शेपूचं सांगितलं,
सूपवर, बटाट्यावर, माशावर.
ती हसत सुटली.
इतकी, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.